उडून गेलेल्या मालाचा हिशेब

व्यापारात तूट ही नवी गोष्ट नाही. नवे धान्य साठवले की वाळून वजनाला उतरते, गुळाची ढेप पावसाळ्यात पाझरते, कापराच्या वड्या डब्यात ठेवल्या ठेवल्या बारीक होतात. अनुभवी व्यापारी ही घट आधीच गृहीत धरतो आणि भाव ठरवताना तिचा विचार करतो. रंगाच्या दुकानातील थिनर, ड्रायक्लीनिंगला लागणारे मिनरल टर्पेंटाइन, चपला-बुटांच्या धंद्यातील सोल्युशन या मालालाही अशी तूट असते. झाकण सैल राहिले की माल उडतो आणि वर्षअखेर साठा मोजताना तेवढी घट खर्ची पडते.

हिशेबवहीच्या दृष्टीने विषय तेथे संपतो. उडून गेलेला माल मात्र संपलेला नसतो. तो खोलीच्या हवेत मिसळलेला असतो आणि तेथे बसणारी माणसे दिवसभर ती हवा श्वासावाटे आत घेत असतात. पेट्रोलियमपासून बनणाऱ्या द्रावकांचा हा दुसरा हिशेब ठेवण्यास जगाला बराच काळ लागला. त्या विलंबाची किंमत बहुतेक वेळा लहान कारखान्यांतील आणि घरी बसून काम करणाऱ्या माणसांनी चुकती केली.

कच्चे तेल तापवून त्याचे निरनिराळे भाग वेगळे केले जातात. त्यांपैकी काही भागांचा उपयोग इंधन म्हणून न करता तेल, रबर, रंग किंवा डाग विरघळवण्यासाठी केला जातो. हेक्झेन सुमारे ६९ अंश सेल्सिअसला उकळते. बेंझीन ८० अंशांना, टोल्युइन ११० अंशांच्या आसपास, तर मिनरल टर्पेंटाइन साधारण १५० ते २०० अंशांच्या टप्प्यात उकळते. सोयाबीनमधील तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन वापरतात, ही गोष्ट तेल-पेंडीच्या व्यापाऱ्यांना परिचित आहे. हेक्झेन आणि बेंझीन यांचे उत्कलनबिंदू जवळजवळ असल्यामुळे, मुद्दाम काढून टाकले नाही तर पहिल्यात दुसऱ्याचा अंश राहून जातो. या सर्व द्रव्यांचे काम एकच: विरघळवणे आणि मग उडून जाणे. सोल्युशन ‘सुकले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातील द्रावक संपूर्णपणे हवेत गेलेले असते. तेथे तूट हा अपघात नसून कामाचाच भाग असतो.

या द्रव्यांच्या वाफेचा तात्कालिक परिणाम बहुतेकांना ठाऊक असतो. डोके जड होते, गरगरते, मळमळते, गुंगी येते. मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटते. बरे वाटल्यामुळेच माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच जागी बसतो. खरा धोका त्यानंतरच्या महिन्यांत आणि वर्षांत साठत जातो, आणि तो प्रत्येक द्रव्यागणिक वेगळा असतो.

बेंझीनचा घाव हाडांतील मगजावर पडतो. रक्तपेशी तेथे तयार होतात. १८९७ साली स्वीडनमधील उप्साला येथे सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातील तरुण स्त्रिया रक्त तयार होणे थांबल्यामुळे मरण पावल्याची नोंद सांतेसोन या वैद्याने केली. रबर विरघळवण्यासाठी तेथे बेंझीन वापरले जात होते. पुढे इस्तंबूलमध्ये डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांना बूट आणि पर्स बनवणाऱ्या कारागिरांत रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण वारंवार आढळू लागले. १९७४ साली त्यांनी अशा २६ कारागिरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या लहान, बंदिस्त कामाच्या जागांत बेंझीनचे प्रमाण कामाच्या वेळी हवेच्या दहा लाख भागांत २१० ते ६५० भागांपर्यंत चढत असे. आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीनला पहिल्या गटात, म्हणजे मानवात कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या द्रव्यांत ठेवले आहे.

या विषयाचा सर्वांत बोलका धडा मात्र जपानमधील आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे ऑड्री हेपबर्न या अभिनेत्रीच्या पायांतील पादत्राणांची नक्कल असलेले सँडल लोकप्रिय झाले आणि तिच्याच नावावरून ते ‘हेप सँडल’ म्हणून ओळखले जाऊ लागले. हे काम मोठ्या कारखान्यांपेक्षा घराघरांत चाले. व्यापारी तळ, पट्टे आणि सोल्युशनचे डबे घरपोच देत आणि तयार जोड मोजून मजुरी चुकती करत. राहण्याच्या खोलीतच स्त्रिया व त्यांच्या घरची माणसे चिकटवण्याचे काम करत. थंडीत दारे-खिडक्या बंद असत. सोल्युशनमध्ये बेंझीन होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस या घरांत रक्तक्षयाचे गंभीर रुग्ण आणि मृत्यू उघडकीस आले. १९५९ साली जपान सरकारने बेंझीनयुक्त रबर सोल्युशनवर बंदी घातली.

बंदीमुळे धंदा थांबला नाही. सोल्युशन बनवणाऱ्यांनी बेंझीनच्या जागी हेक्झेन आणले. ते स्वस्त होते, लवकर सुकत होते, रक्तावर त्याचा तसा परिणाम होत नव्हता आणि कायद्यात त्याचे नाव नव्हते. काही वर्षांतच टोकियोच्या मिकावाजिमा भागातील सँडल-कारागिरांना निराळीच व्याधी जडू लागली. प्रथम पायांची बोटे बधिर होत, मग मुंग्या येत, पुढे पायांतील जोर जाऊन चालणे कठीण होई. काहींच्या हातांतील पकडही सुटली. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या यामामुरा यांच्या अभ्यासानुसार तपासलेल्या १,६६२ कामगारांपैकी ९३ जणांना मज्जातंतूंचा हा विकार झाला होता. त्यांच्या खोल्यांतील हवेत हेक्झेनचे प्रमाण दहा लाखांत ५०० ते २,५०० भाग आढळले.

असे का घडले, याचे उत्तर नंतरच्या संशोधनाने दिले. हेक्झेनच्या सरळ साखळीच्या प्रकाराला एन-हेक्झेन म्हणतात. ते शरीरात गेल्यावर यकृत त्याचे रूपांतर २,५-हेक्झेनडायोन नावाच्या द्रव्यात करते. हे द्रव्य मज्जातंतूंच्या आतील प्रथिनांना चिकटते. तंतू जागोजागी सुजतात आणि टोकाकडून निकामी होत जातात. शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू पायांकडे जातात, म्हणून खूण प्रथम पायांच्या बोटांत दिसते. आणखी एक गोष्ट रुग्णाला व त्याच्या घरच्यांना गोंधळात टाकते. काम सोडल्यावरही दोन-तीन महिने विकार वाढतच राहतो. त्यानंतर उतार पडू लागतो, पण पूर्ववत होण्यास अनेक महिने, गंभीर रुग्णांत वर्षाहून अधिक काळ लागतो आणि काहींत दुबळेपणा कायमचा राहतो.

जपानमधील हा अनुभव छापून प्रसिद्ध झाला होता, तरीही त्याची पुनरावृत्ती झाली. २००९ च्या सुमारास चीनमधील सुझोऊ शहरात मोबाइलचे काचपडदे पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरले गेले, कारण ते लवकर उडते आणि प्रत्येक पडद्यामागे थोडा वेळ वाचतो. अॅपल कंपनीने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पुरवठादारांविषयीच्या अहवालात या कारखान्यातील १३७ कामगारांना बाधा झाल्याचे मान्य केले. मिकावाजिमा आणि सुझोऊ यांच्यात सुमारे चार दशकांचे अंतर आहे. कारण मात्र एकच. द्रव्य बदलताना किती लवकर सुकते आणि किती रुपयांना पडते, हे दोनच प्रश्न विचारले गेले.

मिनरल टर्पेंटाइनसारखी जड द्रावके तुलनेने सावकाश उडतात, म्हणून ती निरुपद्रवी समजली जातात. परंतु १९७० च्या दशकापासून डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये दीर्घकाळ तेलरंगाचे काम केलेल्या रंगाऱ्यांत विस्मरण, मन एकाग्र न होणे, चिडचिड आणि सततचा थकवा अशा तक्रारींचा अभ्यास होऊ लागला. रोज बंद खोल्यांत वर्षानुवर्षे ही वाफ घेण्याशी त्यांचा संबंध जोडला गेला. पाण्यात मिसळणारे रंग तेथे लवकर रूढ होण्यामागे हे एक मोठे कारण होते.

आता मर्यादांविषयी. कामाच्या जागेच्या हवेत एखादे द्रव्य किती असावे, याचा आकडा बहुधा पीपीएममध्ये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, असा सांगतात. हा आकडा सामान्यतः आठ तासांच्या पाळीतील सरासरीचा असतो. काही द्रव्यांसाठी पंधरा मिनिटांची वेगळी मर्यादाही असते. आकडा पाहिला की त्याखाली सुरक्षित आणि त्यावर विषारी, अशी रेषा आखल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हा आकडा त्या-त्या काळातील ज्ञान आणि तडजोड यांतून ठरलेला असतो.

बेंझीनचा इतिहास याची साक्ष देतो. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या परिषदेने १९४६ साली त्यासाठी १०० पीपीएम मर्यादा सुचवली. १९४८ मध्ये ती ३५ झाली. गंमत अशी की, त्याच १९४८ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या आढाव्यात बेंझीनचे पूर्णपणे सुरक्षित प्रमाण शून्यच होय, असे मत नोंदवलेले होते. १९७१ मध्ये सरकारी नियमाने १० पीपीएम ठरवले. ओहायो राज्यातील रबराच्या पातळ आवरणाच्या कारखान्यांतील कामगारांत रक्ताचा कर्करोग अधिक असल्याचे १९७७ साली दिसून आले, तेव्हा सरकारने १९७८ मध्ये मर्यादा १ वर आणली. उद्योगांनी तिला आव्हान दिले आणि १९८० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने, धोका पुरेसा दाखवून दिलेला नाही, म्हणून नवा नियम रद्द केला. १ पीपीएमची मर्यादा १९८७ साली पुन्हा आली. १९९७ मध्ये तज्ज्ञ परिषदेने ०.५ ची शिफारस केली. द्रव्य तेच होते आणि माणसाचे शरीरही तेच. पन्नास वर्षांत बदलला तो आकडा, आणि दर वेळी तो खालीच आला.

हेक्झेनच्या बाबतीत आजही दोन आकडे शेजारी-शेजारी उभे आहेत. अमेरिकेच्या सरकारी नियमात एन-हेक्झेनची मर्यादा ५०० पीपीएम आहे, तर तेथील तज्ज्ञ परिषद आणि सरकारचीच संशोधन संस्था ५० ची शिफारस करतात. जपानमधील व्यावसायिक आरोग्याच्या संस्थेने ४० सांगितले आहे. मिकावाजिमाच्या खोल्यांतील प्रमाण ५०० पासून सुरू होत होते, हे येथे आठवावे. ज्या पातळीवर माणसे अधू झाल्याची नोंद आहे, ती पातळी दुसऱ्या एका देशात कागदोपत्री कायदेशीर असू शकते.

हे आकडे प्रत्यक्षात किती लहान आहेत, ते एका हिशेबाने समजते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. ५० पीपीएम म्हणजे एका घनमीटरमध्ये सुमारे १७६ मिलीग्रॅम एन-हेक्झेन. संपूर्ण खोलीसाठी हे होतात केवळ ५ ग्रॅम, म्हणजे द्रवरूपात साडेसात मिलीलीटर. औषधाच्या छोट्या चमच्याने दीड चमचा! तेवढे द्रव बंद खोलीत उडाले की मर्यादा गाठली गेली. बेंझीनच्या १ पीपीएमसाठी तर एका मिलीलीटरचा दहावा भाग, म्हणजे मोजके थेंब पुरतात.

आता उलट बाजूने पाहू. अशा खोलीत आठ तासांत एक लिटर एन-हेक्झेन उडत असेल, तर ते सुमारे ६६० ग्रॅम भरते. प्रमाण ५० पीपीएमच्या आत ठेवण्यास ३,७५० घनमीटर ताजी हवा लागेल. म्हणजे खोलीतील सगळी हवा दर साडेतीन-चार मिनिटांनी बदलली पाहिजे. वाफ खोलीभर सारखी पसरते, असे धरून हा हिशेब आहे. प्रत्यक्षात कारागीर डब्यावर आणि ब्रशवर वाकलेला असतो आणि त्याच्या नाकाजवळ प्रमाण याहून अधिक असते.

यासाठी महागडे यंत्र आणण्यापूर्वी मालकाच्या हाती एक साधन असते, ते म्हणजे खरेदीवही. समजा, एका जागी महिन्याला ६० लिटर सोल्युशन येते आणि त्यात तीन चतुर्थांश द्रावक आहे. म्हणजे महिन्याला ४५ लिटर द्रावक हवेत जाते. पंचवीस दिवसांवर विभागले, तर रोज १.८ लिटर. त्यात एन-हेक्झेनचा वाटा किती, हे माहिती-पत्रकावरून कळले की वरील हिशेब कोणालाही करता येतो. मग भिंतीवरचा एक पंखा पुरेसा आहे की नाही, यासाठी अंदाजाची गरज उरत नाही. नाकावर विसंबणे मात्र चुकीचे ठरते. बेंझीनचा वास साधारणपणे जाणवतो तेव्हा १ पीपीएमची मर्यादा ओलांडलेली असते, आणि वासाची सवय झालेल्या नाकाला थोड्या वेळाने काहीच कळत नाही.

या सर्व मर्यादांमागे एक गृहीत आहे. कामगार प्रौढ आहे, तो आठ तास काम करतो आणि उरलेले सोळा तास स्वच्छ हवेत घालवतो. तेवढ्या काळात शरीर घेतलेले द्रव्य बऱ्याच अंशी बाहेर टाकते. ज्या घरात काम चालते, त्याच घरात कारागीर जेवतो आणि झोपतो, तेथे हे गृहीत कोसळते. त्या खोलीत रांगणारे मूल असते, गर्भवती स्त्री असते, आजारी वृद्ध असतात. त्यांच्यासाठी ५० किंवा ५०० हा आकडा कोणी ठरवलेलाच नाही. जपानने हे ओळखले. हेप सँडलच्या दुर्घटनेनंतर घरकामाचा प्रश्न हाती घेतला गेला आणि १९७० साली घरी काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

भारतात भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाना अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण घालण्यात आले आणि परिशिष्टात हवेतील रसायनांच्या मर्यादा दिल्या गेल्या. बेंझीन व त्याच्या वर्गातील द्रव्यांची विषबाधा ही कळवणे बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहे. परंतु हा अधिनियम ठरावीक संख्येने कामगार असलेल्या कारखान्यांपुरता होता. चार माणसांच्या गाळ्याला किंवा जोडामागे मजुरी घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे छत्र सहसा मिळत नसे. तेथे कारागिराचा संबंध येतो तो डबा पुरवणाऱ्या आणि काम देणाऱ्या व्यापाऱ्याशी. डब्यात काय आहे, हे विचारण्याची ऐपत आणि ओळख त्या साखळीत व्यापाऱ्याकडेच असते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे माहिती-पत्रक मागणे. प्रत्येक औद्योगिक रसायनासाठी सेफ्टी डेटा शीट नावाचे सोळा भागांचे पत्रक असते. त्याच्या तिसऱ्या भागात घटक आणि आठव्या भागात हवेतील मर्यादा असतात. नावे बदलती असली, तरी प्रत्येक द्रव्याला कायमचा क्रमांक असतो: बेंझीनचा ७१-४३-२, एन-हेक्झेनचा ११०-५४-३, टोल्युइनचा १०८-८८-३. ‘बेंझीनमुक्त’ एवढे लिहिलेला डबा पाहून समाधान मानू नये. मिकावाजिमातील डबेही बेंझीनमुक्तच होते. जो पुरवठादार पत्रक देत नाही, त्याच्या स्वस्त भावाकडे सावधपणे पाहावे.

दुसरी गोष्ट पर्यायाची. पाण्यावर आधारित चिकटद्रव्ये सावकाश सुकतात, पण अनेक कामांना ती चालतात. हेक्झेनच्या जागी हेप्टेन वापरता येते. रचनेत थोडाच फरक असूनही मज्जातंतूंवरील त्याचा तसा परिणाम फारच कमी आहे. उलट हेक्झेनसोबत मिथाइल इथाइल किटोन मिसळले, तर हेक्झेनचा घात वाढतो. तेव्हा मिश्रणाचा विचार घटकांच्या बेरजेपलीकडे जाऊन करावा लागतो.

तिसरी गोष्ट हवेची. हेक्झेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्यामुळे खाली बसते आणि जमिनीलगत पसरते. छताचा पंखा ती फक्त फिरवतो. हवा बाहेर ओढणारा पंखा कामाच्या पातळीवर आणि कारागिराच्या समोर असावा, म्हणजे वाफ नाकाकडे न येता त्याच्यापासून दूर ओढली जाते. पंखा आणि विजेची उपकरणे ठिणगी न पडणाऱ्या बनावटीची हवीत. हेक्झेनची वाफ हवेत एक टक्क्याहून थोडी अधिक झाली की पेट घेऊ शकते आणि शून्याखाली वीस अंशांनाही त्याची पुरेशी वाफ तयार होते. ज्या दुकानात पिंप उघडले जाते, तेथे निरांजन, उदबत्ती आणि शेगडी यांना दुसरी जागा द्यावी. खाली गोदाम आणि वर घर असेल, तर पिंप जिन्याखाली ठेवू नये.

चौथी गोष्ट लहानसहान सवयींची. कापडी किंवा धुळीसाठीचा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कार्बनची डबी असलेला मास्क लागतो आणि ती डबी वेळेवर बदलावी लागते. हातावरचा रंग थिनरने पुसल्यास त्वचेतील स्निग्धता जाऊन ती फुटते आणि काही द्रव्य शरीरातही शिरते. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत थिनर वा टर्पेंटाइन कधीही भरू नये. मुलाने चुकून प्यायले, तर उलटी करवू नये, कारण ते फुप्फुसात उतरून अधिक हानी करते. बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

शेवटची गोष्ट आजार ओळखण्याची. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर सहज काळे-निळे डाग उठणे, वारंवार ताप, फिकटपणा ही बेंझीनची खूण असू शकते आणि साध्या रक्ततपासणीने पहिला इशारा मिळतो. पायांच्या बोटांना मुंग्या, चालताना चप्पल पायातून निसटणे, जिन्यावर अडखळणे, ही हेक्झेनची खूण असू शकते. शाकाहारी कुटुंबांत अशा मुंग्यांचा दोष बहुधा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेला किंवा मधुमेहाला दिला जातो, आणि पुष्कळदा ते निदान बरोबरही असते. पण डॉक्टरांना रुग्ण काय काम करतो हे माहीत नसेल, तर तिसरी शक्यता त्यांच्या मनात येणार नाही. इटलीचे वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून, रुग्णाला त्याचा व्यवसायही विचारावा, असे वैद्यांना सुचवले होते. डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णाने आपण होऊन सांगावे आणि शक्य तर डब्यावरील नावाचे छायाचित्र दाखवावे. लघवीतील २,५-हेक्झेनडायोनच्या तपासणीने हेक्झेन शरीरात गेल्याचे समजू शकते.

अक्सॉय यांच्या इस्तंबूलमध्ये १९६९ पासून बेंझीनचा वापर हळूहळू बंद होत गेला आणि पुढील काही वर्षांत बूट-कारागिरांतील रक्ताच्या कर्करोगाचे नवे रुग्ण कमी होत गेले. द्रव्य बदलले की रोग हटतो, हे तेथे दिसले. ते विचारपूर्वक बदलले नाही, तर दुसरा रोग येतो, हे मिकावाजिमात दिसले. येत्या वर्षअखेरीस साठा मोजताना थिनर किंवा सोल्युशनच्या खात्यावर घटीचा आकडा पडेल, तेव्हा ती पुरी करण्याआधी क्षणभर थांबावे आणि गाळ्यात बसणाऱ्या किंवा घरी जोड चिकटवणाऱ्या माणसाला एवढे विचारावे: पायांना मुंग्या येतात का?